बाईंचं मत

एकशे एक्कावन्न खुर्च्यांपैकी एक,
मागच्या ओळीतली, खांबाआडची,
आमच्या बाईंची.
पुढ्यात दोन बटणं, हिरवं आणि लाल.
तेवढ्यासाठी लॉरेट सीर बाई पहाटे चारला निघतात,
ऑगस्टापर्यंत पाच तास एकट्या गाडी हाकतात.
वाटेत मूस आडवा उभा राहिला तर
काच खाली करून त्याला फ्रेंचमध्ये रागावतात.
ह्याला इंग्रजी कुठली यायला, म्हणतात.

त्यांनाही येत नव्हती.
सहाव्या वर्षी शाळेत, पोट धरून,
जाऊ का, एवढंच घरच्या भाषेत विचारलं,
तर शंभरदा लिहायची शिक्षा :
मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही.
साठाव्या ओळीला बाक ओला झाला.
हे त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही,
त्यांच्या बहिणीकडून कळलं, फार उशिरा.
आम्हाला एवढंच ठाऊक, की त्यांच्या वर्गात
दारामागच्या खिळ्याला एक लाकडी बदक असायचं.
ते उचलायचं आणि जायचं.
विचारायचं नाही.

एकतीस वर्षं चौथीचा वर्ग.
बटाट्याच्या काढणीला शाळा तीन आठवडे बंद,
तेव्हा बाईही आमच्याबरोबर ओळीत वाकलेल्या,
आणि पिंप किती भरलं, पाऊण की सात अष्टमांश,
हे मातीच्या हातांनी वदवून घ्यायच्या.

गुरुवारी रात्री अग्निशमन दलाच्या शेडमध्ये
बंबाशेजारी घडीच्या खुर्च्या मांडून
मोठ्यांना वाचायला शिकवायच्या.
माझा बाप तिथे टोपी हातात घेऊन बसायचा.
त्याने पहिल्यांदा वाचलं ते स्वतःचं ट्रकचं लायसन्स.
डोळे निळे, असं लिहिलेलं.
त्याचे डोळे घारे.
एकोणीस वर्षं तो दुसऱ्याच कुणाचे डोळे खिशात घालून फिरत होता.
इतका हसला, की खोकला लागला.
पुढे अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याचा हात धरून बसल्या
त्याही बाईच. तो हात त्यांनीच शेवटी खाली ठेवला.

निवडणुकीत समोरच्याने विचारलं,
कारभाराचा अनुभव काय?
बाई म्हणाल्या, बाहेर पहिला बर्फ पडतोय
आणि अठ्ठावीस पोरं खिडकीकडे पाठ करून भागाकार करतायत,
असं कधी केलंयत?
निवडून आल्या.

मग ते विधेयक आलं,
लहान शाळा मोठ्या शाळेत मिळवण्याचं.
आमच्या शाळेत उरली होती अकरा मुलं.
बाईंचं बटण लाल, हे आम्ही धरूनच चाललो होतो.
फळ्यावर त्यांच्या नावापुढे लागला हिरवा दिवा.

त्या रात्री जेवताना मी बाईंना नाही नाही ते बोललो.
आमची जोझेत ताटातले वाटाणे मोजत होती.
म्हणाली, बाबा, तिसरीत मी एकटीच आहे.
डबा खाताना मी नकाशाशी बोलते.

मी काही बोललो नाही.
पटलं असंही नाही.
पहाटे चाळीस मैलांची बस, उणे तीसची थंडी,
हे कुठल्या बटणात बसतं?

शनिवारी चर्चच्या तळघरात धान्यवाटप.
बाई नेहमीसारख्या काट्याशी,
पाच-पाच पौंडांच्या पिशव्या भरत.
रांग होती, पण आवाज नव्हता.
ज्यांना त्यांनी 'नमस्कार' लिहायला शिकवला
ते पिशवी घेऊन बुटांकडे बघत निघून जात होते.
बाई मान वर न करता म्हणायच्या, पुढचा.

जूनमध्ये शाळेचं सामान विकायला काढलं.
बाकांना गिऱ्हाईक मिळालं, घंटेलाही.
दारामागे हात घातला तर ते तिथेच होतं,
शेपटी झिजलेलं, चोचीवर कुणाच्या तरी दातांच्या खुणा.

शनिवारी माझी पाळी आली.
पिशवी मागण्याऐवजी मी ते काट्यावर ठेवलं.
बाईंनी चष्मा सारखा केला,
सवयीने आकडा वाचला,
सवयीने वहीत लिहिला : सहा औंस.
मग खोडला.
मग तसाच पुन्हा लिहिला,
आणि म्हणाल्या, पुढचा.